क्षितिजाचा दोरा

चहा द्यायला गेले तेव्हा मला क्षितिज वाकलेलं दिसलं. बाबा खिडकीपाशी त्यांच्या तिरक्या मेजावर ओणवे झाले होते आणि त्यांच्या खांद्यावरून मला चित्राची डावी बाजू दिसत होती: हिरवट समुद्र, जहाजाची नाळ, म्हणजे पाणी कापत येणारं पुढचं टोक, आणि त्या टोकाच्या जरा अलीकडे समुद्र आणि आकाश मिळतात ती रेघ. ती रेघ तिथे वर उचलली गेली होती. फार नाही. सतरंजीखाली पेन्सिल राहून गेली तर जेवढा फुगवटा येईल तेवढीच. मी आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. दोन्ही डोळ्यांना फुगवटा सारखाच दिसला. म्हणजे तो माझ्यात नव्हता, कागदावर होता. क्षणभर मला हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज. कप बशीत हिंदकळला. "सांडू नकोस," बाबा मागे न बघता म्हणाले, "समुद्र आहे तेवढा पुरे." मग ब्रश पाण्यात खळबळवताना अगदी सहज विचारलं, "सरळ आहे ना गं?" आणि मी म्हणाले, "सरळ आहे."

उत्तर माझ्या आधी बाहेर पडलं होतं. जिना उतरताना मी ते मनात पुन्हा पुन्हा उच्चारून बघितलं; दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज असावा तसं ते वाटत होतं. हा प्रश्न मला बोलता येऊ लागल्यापासून विचारला गेलाय, आणि त्याला मी कधी खोटं उत्तर दिलेलं नाही. म्हणून तर आत्याने माझं नाव ओळंबा ठेवलं. गवंडी भिंत सरळ आली का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी मला घास गिळवत नसे. "हिला कुणाच्या घरी देऊ नका," आत्या म्हणायची, "पहिल्या आठवड्यात घर पाडून पुन्हा बांधायला लावील." बाबा मात्र त्या नावाने हाक मारायचे तेव्हा त्यात चेष्टा नसायची. कामाच्या माणसाला मारावी तशी ती हाक असायची. "ओळंबा, दोरा आण." मी शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन धावायची. चित्राच्या एका कडेला टाचणी, तिला दोऱ्याचं एक टोक. दुसरं टोक माझ्या बोटाला. मी दोरा क्षितिजावरून ताणून धरायचा, बाबा त्यावर नखाने टिचकी मारायचे, आणि दोरा टिंग् वाजला की म्हणायचे, "वाजला म्हणजे ताणला. आता बघ." मग दोरा आणि रेघ एकावर एक आहेत का ते मी बघायचं. बाबा सही करायचे ती माझ्या "सरळ आहे"नंतर. जहाज कंपनीच्या साहेबांनी पास करण्याच्या आधी ते जहाज मी पास केलेलं असायचं.

बाबांनी आयुष्यभर एका जहाज कंपनीच्या पोस्टकार्डांसाठी चित्रं काढली. प्रवाशांना जहाजावर फुकट मिळत ती कार्डं. लोक ती नातेवाइकांना पाठवत, नाहीतर आरशाच्या चौकटीत खोचून ठेवत. प्रत्येक कार्डावर क्षितिज एकाच उंचीवर, खालून एक तृतीयांशावर. ही बाबांची शिस्त. "प्रवासी डेकवर एकाच उंचीवर उभा असतो," ते म्हणत, "मग त्याचा समुद्र वरखाली का करायचा?" त्यामुळे कार्डं कडेला कड लावून मांडली की सगळ्या जहाजांमागून एकच अखंड रेघ जायची. सुट्टीच्या दुपारी मी ती फरशीवर भिंतीच्या कडेकडेने मांडत जायची, दारापासून कपाटापर्यंत, कपाटाला वळसा घालून खिडकीपर्यंत, आणि खोली चहूबाजूंनी समुद्राने वेढली की मधोमध बसायची. आत्या पोळपाट घेऊन दारात अडकायची. "आता मी काय पोहत येऊ?"

तो समुद्र बाबांनी कधी पाहिलेला नव्हता. म्हणजे पाहिला होता, पण धक्क्यावरून. कंपनीने एकदा त्यांना नव्या जहाजाच्या पहिल्या फेरीला मानाने बोलावलं. हा किस्सा आत्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. "दादा टाय लावून चढला, कठड्याला धरून उभा राहिला, आणि ओकला. जहाज अजून बांधलेलं होतं हो! दोरखंडसुद्धा सोडला नव्हता!" बाबा शांतपणे म्हणत, "जहाज काढायला समुद्र कशाला लागतो? नकाशा लागतो." गोदीतून जहाजाचे निळे नकाशे येत, ते मेजावर पसरून बाबा मोजमाप करत आणि मग त्या मोजमापाशी लबाडी करत. जहाज प्रचंड वाटावं म्हणून शेजारी मुद्दाम चिमुकली शिडाची होडी. एक धुराडं नुसतं दिमाखासाठी बसवलेलं, खाली भट्टीच नाही. पण धूर त्यालाही. धूर नेहमी मागे, कधीही डेकवर नाही. हवा नेहमी छान. आणि डेकवर तांदळाच्या दाण्याएवढे प्रवासी, त्यांत कुठेतरी एक पिवळी छत्री. प्रत्येक कार्डात. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "रंगसंगती. एवढ्या निळ्याला कुठेतरी पिवळं लागतं." आत्याने नंतर भाजी निवडता निवडता सांगितलं की माझ्या आईची छत्री पिवळी होती. आई मला आठवत नाही. मी तिला त्या ठिपक्यांवरूनच ओळखते. भिंगाखाली धरलं तर ते फक्त दोन फटकारे असतात, एक छत्रीचा आणि एक तिच्याखालच्या बाईचा.

कामावर जाताना बसमध्ये मला दांड्याला धरून उभं राहावं लागलं. समोर खिडकीचे गज. मी सवयीने एक डोळा मिटला. ही सवय बाबांचा उजवा डोळा गेला तेव्हा लागली. तेव्हाही ते कित्येक दिवस गप्प होते; म्हणे चष्म्यावर डाग आहे, धुतला तरी जात नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाग चष्म्यावर नाही, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आहे, बरोबर मधोमध, जिथून माणूस अक्षरं वाचतो, चेहरे ओळखतो. त्या डोळ्याचं काही करण्यासारखं उरलेलं नव्हतं. डाव्यासाठी त्यांनी चौकटी छापलेला एक पुठ्ठा दिला. घरी भिंतीवर लावा, रोज सकाळी त्या एका डोळ्याने मधल्या ठिपक्याकडे बघा. ज्या दिवशी रेघा वाकलेल्या दिसतील त्याच दिवशी या, दुसऱ्या दिवशी नको. त्याच दिवशी आलात तर कदाचित वाचवता येईल, थांबलात तर गेलेलं परत येत नाही. नंतर बाहेर आल्यावर मला एकटीला बोलावून म्हणाले, हे घराण्यात उतरू शकतं, तुम्हीही लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवते. गज, फरशीच्या सांधी, दारांच्या चौकटी, वहीचे समास. जगात जे जे सरळ आहे त्याची मी रोज हजेरी घेते. बाबांनी तो पुठ्ठा घरी आणला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवर रंग कालवायला सुरुवात केली. "चांगला जाड आहे," म्हणाले. मग तेही थांबलं. त्यांनी ब्रश धुऊन डब्यात उभे केले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पाऊस आला, गेला, थंडी आली. जेवायला उठत, जेवून पुन्हा भिंतीकडे वळत. आत्या त्यांच्या पाठीशी बोलायची. "दादा, भिंतीत काय दिसतंय तेवढं तरी सांग." त्या पाठीचा आकार मला अजून पाठ आहे.

आणि मग कंपनीचा फोन आला. शेवटचं प्रवासी जहाज मोडीत निघालं होतं. ते तोडायला नेण्याआधी निरोपाचं एक कार्ड काढायचं आहे, फोटो नको, जुन्या पद्धतीचं चित्र हवं, तुमच्याच हातचं. बाबा त्या दिवशी दाढी करून टेबलाशी आले. मोडायला निघालेलं जहाज त्यांनी नवंकोरं काढलं, पहिल्या सफरीला निघालेलं, तिन्ही धुराड्यांतून धूर. काम करताना ते पुन्हा शीळ घालायला लागले होते. उद्या सकाळी कंपनीचा माणूस चित्र न्यायला येणार होता.

मी चष्म्यांच्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस आहे. माझ्या टेबलापलीकडे एक पांढरा फलक, त्यावर काळ्या रेघांच्या चौकटी, मागून उजेड. भिंग हातभर अंतरावर धरायचं आणि त्यातून चौकटी बघायच्या. भिंग चांगलं असेल तर रेघा लहानमोठ्या होतील, पण सरळ राहतील. कुठे साचा चुकला असेल तर तिथे रेघेला पोट येतं, ते भिंग लाल ट्रेमध्ये. शेजारच्या टेबलावरच्या मावशी म्हणतात, "तुझा नवरा आधी या फलकासमोर उभा करावा लागेल, नाहीतर तू त्याला लाल ट्रेमध्येच टाकशील." आज मी बराच वेळ एकच भिंग धरून उभी होते. मला ते सगळं रेखाटलेलं दिसत होतं, पदार्थविज्ञानाच्या पेपरातल्या आकृतीसारखं. क्षितिज ओढताना बाबा नजर नाळेच्या टोकावर रोखून ठेवतात. हात फिरतो, नजर हलत नाही. ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. आता त्या नजरेच्या शेजारी पडद्याला सूज आली असणार. तिथे प्रत्येक सरळ रेघ त्यांना खाली खचलेली दिसत असणार. म्हणून त्यांचा कसलेला हात ती खचलेली जागा भरून काढत होता, बरोबर तेवढीच वर, केसभरही कमीजास्त नाही. त्यांच्या दृष्टीने ते क्षितिज सरळ होतं. आयुष्यात काढलेल्या सगळ्या क्षितिजांइतकंच सरळ. फुगवटा म्हणजे त्यांच्या आंधळेपणाचं अचूक मोजमाप होतं आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने, सुंदर हिरव्या रंगात, काढून ठेवलं होतं. "अगं, वितळलं की काय ते भिंग?" मावशींनी विचारलं. मी ते बघितलं. काही दोष नव्हता. मी ते लाल ट्रेमध्ये टाकलं, मग पुन्हा उचललं. डोकं दुखतंय म्हणून सांगून दुपारी निघाले.

वाटेत जुन्या वस्तूंचं एक दुकान लागतं. अलीकडे त्याच्या काचेत बाबांची कार्डं असतात, पारदर्शक पाकिटांत, एका ओळीत टांगलेली. लोक ती चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात. दोन तरुण मुलं काचेला नाक लावून उभी होती. "काय दिवस असतील ना ते," मुलगी म्हणाली. "किती शांत समुद्र आहे बघ." मला तिला सांगावंसं वाटलं की तो समुद्र आमच्या स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत होता आणि त्याला रॉकेलचा आणि कांद्याचा वास यायचा. ती मुलं गेल्यावर मी काचेच्या अगदी जवळ गेले. दुकानदाराने नकळत कडा जुळवून टांगली होती. सगळ्या जहाजांमागून ती एकच रेघ जात होती. मी एक डोळा मिटून नजरेने तिच्यावरून चालत गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही ठेच लागली नाही. उद्याचं कार्ड या ओळीत लावलं तर? कडा जुळतील. रेघ कडेला सरळच आहे. आत शिरल्यावरच पाय अडखळेल, आणि छापखान्यातला कुणीतरी ते बघून हसेल, किंवा हसणार नाही, कीव करेल आणि गुपचूप दुरुस्त करून टाकेल. मी आज बोलले नाही तर असं होईल. आणि आज बोलले तर ती पाठ. दोन्हींच्या मधे मला कुठेही जागा सापडत नव्हती. दवाखाना संध्याकाळी उघडतो आणि दिवेलागणीनंतर लगेच बंद होतो. मी घराकडे जवळजवळ धावत निघाले आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले, आणि किती वेळ थांबले कोण जाणे.

आत्या स्वयंपाकघरात दाणे भाजत होती. माझं तोंड बघून तिने गॅस बारीक केला. "तुलाही दिसलं," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

"तुला कशावरून कळलं?"

"काल साखरेच्या डब्याचं झाकण त्याने हवेत ठेवलं. डब्याशेजारी. पडल्यावर मला म्हणतो, तू डबा हलवलास." तिने दाणे हलवले. "म्हटलं, हो, हलवला."

"आत्या, आज न्यायला हवं. आजच. डॉक्टरांनी सांगितलंय."

"उद्या तो माणूस येऊ दे. चित्र त्याच्या हातात जाऊ दे. मग मी स्वतः रिक्षा आणते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "एका दिवसाने काय होतंय गं?"

"एका दिवसानेच होतं."

"आणि वाचलं नाही तर? डोळाही गेला आणि जहाजही गेलं. मग तू जातेस कारखान्यात. त्या पाठीशी मी बोलते दिवसभर." दाण्यांतून धूर यायला लागला होता. "ते चित्र त्याने काढलेलं शेवटचं आहे, हे तुला कळतंय, मलाही कळतंय. त्याला कळू नये एवढंच म्हणते मी. उद्यापर्यंत."

ती चुकीचं बोलत होती असं मला वाटत नव्हतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली, कामाच्या माणसाला मारावी तशी. "ओळंबा! आलीस ना? दोरा आण."

आत्याने माझा दंड धरला, मग सोडला.

बाबांनी टाचणी टोचून ठेवली होती. दुपारचं ऊन मेजावर तिरकं पडलं होतं आणि त्यात तो समुद्र खरंच ओला दिसत होता. मी दोऱ्याचं टोक टाचणीला बांधलं, दुसरं माझ्या तर्जनीला गुंडाळलं आणि ताणलं. दोरा क्षितिजावरून सरळ गेला आणि नाळेच्या अलीकडे त्याच्या वर हिरव्या समुद्राचा एक छोटासा डोंगर आला. बाबांनी मान खाली आणली. नजर नाळेच्या टोकावर.

"ढिला आहे," ते म्हणाले.

मी ताणला.

"अगं, लोंबतोय. नाळेपाशी बघ. ताण."

मी आणखी ताणला. दोरा बोटात रुतला, बोटाचं पेर पांढरं पडलं, मग जांभळं. "आता?"

"बळच नाही तुझ्यात. खात नाहीस. आत्या, हिला काही खायला घाल!" ते हसत होते, पण हसणं संपता संपता त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि तिथेच राहिली. त्यांनी डोळा चोळला. पुन्हा बघितलं. मला ती आठी वाढताना दिसत होती. अजून दोन क्षण, आणि तिच्या मागून ते सगळं बाहेर येणार होतं. माझा डावा हात मोकळा होता. मी पुढे सरकले, आणि नाळेच्या अलीकडे, त्यांच्या नजरेच्या आड नव्हे, तर नजरेच्या बरोबर त्या जागी जिथे आता त्यांना काही नीट दिसत नव्हतं, माझं अंगठ्याचं नख दोऱ्याखाली सरकवलं आणि दोरा डोंगराच्या माथ्यापर्यंत उचलला. बरोबर रेघेवर.

"हां," बाबा म्हणाले. कपाळावरची आठी गेली. "आता कसा. सरळ." त्यांचा चेहरा इतका सुटा झाला की मला वाटलं, असंच राहावं, नख असंच धरून उद्या सकाळपर्यंत उभी राहीन, छापखान्यापर्यंत जाईन, प्रत्येक कार्डावर एकेक नख ठेवीन. आणि मग त्यांनी सवयीने दोऱ्यावर टिचकी मारली.

दोरा टिंग् वाजला नाही. ठप्प असा बारका आवाज आला, लाकडावर बोट आपटल्यासारखा.

त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा ठप्प. त्यांची मान तशीच खाली होती, पण ते आता बघत नव्हते, ऐकत होते. दारात आत्या येऊन उभी राहिली होती, हातात झारा.

"नख काढ," बाबा म्हणाले.

मी काढलं नाही.

"काढ, बाळ."

मी नख काढलं. दोरा थरथरला आणि जागेवर गेला. बाबांनी टिचकी मारली. टिंग्. स्वच्छ आवाज, लहानपणी यायचा तसा. तो विरेपर्यंत ते थांबले, पुन्हा मारली. टिंग्. प्रत्येक वेळी मान वाकवून त्या ताणलेल्या दोऱ्याकडे बघत होते, आणि मला कळत होतं की प्रत्येक वेळी त्यांना तो खचलेला दिसतोय.

"सकाळी दिसलं होतं तुला?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. मग जरा घाईने, आपलं दुसरं काही हरवलेलं आठवावं तसं: "आणि छत्री? छत्री तरी डेकवर आहे ना?"

मी सकाळपासून नाळेकडेच बघत होते. आता पहिल्यांदा मागच्या डेककडे बघितलं. कठड्याशी तांदळाचे दाणे ओळीत उभे होते, रुमाल हलवत. छत्रीचा आणि बाईचा, ते दोन फटकारे त्यांच्यात नव्हते. ते कठड्याच्या पलीकडे होते, जहाजाच्या पांढऱ्या कडेच्याही पलीकडे, मोकळ्या हवेत. छत्री उघडी, आणि तिच्याखाली ती.

"ओळंबा."

"नाही, बाबा," मी म्हणाले. "बाहेर आहे."

"खाली पाणी?"

"पाणीच आहे."

ऊन मेजावरून खाली उतरून फरशीवर आलं होतं. बाबा टेबलाला धरून उठले. चित्राकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. माझ्या बोटाला दोरा अजून तसाच गुंडाळलेला होता, आणि तो सोडायचं मला सुचत नव्हतं.

"चल," बाबा म्हणाले, आणि खाली बघत पाय फरशीवर चाचपडत फिरवू लागले. "माझ्या चपला कुठे ठेवल्या गं तुम्ही?"

त्या त्यांच्या समोरच होत्या.